हिरवं बटण

७ जानेवारी, सोमवार

धाकट्या,

‘प्रिय’ लिहीत नाही. मायन्यातले शब्द खोटे असतात असं चौथीत बाईंना सांगून तू छडी खाल्ली होतीस. तेव्हा नुसतंच धाकट्या.

पत्ता तुझ्या वर्कशॉपच्या मुकादमाने दिला. त्याच्यावर चिडू नकोस, बिचारा दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा मी फोनवर रडले, तेव्हा त्याने हात टेकले. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून आता कागद. वाटलं तर वाच, नाहीतर घडी करून डुगडुगणाऱ्या काट्याच्या पायाखाली घाल. अर्थात वजनकाट्याखाली कागद घालणाऱ्याला तू माणसात धरत नाहीस, हे मला माहीत आहे.

इकडचं म्हणशील तर दुकान चालू आहे. पॅन्टची उंची कमी करा, चेन बदला, कंबर सैल करा. माझी स्वतःची कंबर मात्र कोणी सैल करून देत नाही. सोमवारी दुकान बंद, म्हणून आज लिहायला बसले. पाय सुजलेत, ते स्टुलावर ठेवलेत.

बैठक काल झाली. महिन्याचा पहिला रविवार, चार ते सहा, आपली नेहमीची वेळ. अकरा जण आले. आता खालच्या मजल्यावरचा हॉल आहे, जिना चढायला नको. भिणभिण करणारी ट्यूबलाइट काढून टाकली, चार साधे दिवे लावले. दारात तीन डबे तसेच आहेत. हिरवी बटणं, पिवळी बटणं, लाल बटणं, प्रत्येकाला मागून सेफ्टी पिन. हिरवं म्हणजे माझ्याशी बोला. पिवळं म्हणजे ओळखीचे असाल तरच बोला. आणि लाल डब्यावरची चिठ्ठी अजून तुझ्याच अक्षरातली आहे. ‘बोलू नका. पण मी आलोय.’

नवीन येणारे सगळे ती चिठ्ठी दोनदा वाचतात. काल एक बाई वाचून तिथेच खाली बसली आणि डोळे पुसायला लागली. मला पाच वर्षांपूर्वीचा तू आठवलास. डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितल्यावर तू वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा मला म्हणालास, “ताई, मला लोकांत बसायला आवडतं. बोलायला आवडत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.” मी छत्तीस वर्षं त्या एकच समजत होते. त्या एका वाक्यावर ही सगळी बैठक उभी राहिली.

आणि तूच येत नाहीस. ऑगस्टपासून तुझी खुर्ची भिंतीशी रिकामी आहे. त्या दिवशी जे झालं ते झालं. एका बटणावरून माणूस गाव सोडतो का रे?

— ताई

४ फेब्रुवारी, सोमवार

धाकट्या,

उत्तर नाही. मीही काही वाट बघत बसले नव्हते. बसले होते, पण ते जाऊ दे.

काल नऊ जण आले. चष्म्याच्या दुकानातली बाई पहिल्यांदाच मुलीला घेऊन आली. मुलगी तेवीस वर्षांची. आत पाऊल टाकेना. आईचं आपलं चालू, “चल ना गं, सगळे बघतायत.” कोणीही बघत नव्हतं, ही तर आपल्या हॉलची खासियत. शेवटी मुलीने लाल बटण उचललं, उंबऱ्यावर बसली आणि दीड तास बुटाची नाडी सोडत-बांधत राहिली. आई माझ्याजवळ येऊन कुजबुजली, “ही कुठेच रमत नाही हो.” मी म्हटलं, “अहो, दीड तास बसलीय. तुम्ही पंधरा मिनिटांत चार वेळा घड्याळ पाहिलंत.” बाई वरमली. जाताना मुलीने बटण डब्यात टाकलं नाही, मुठीत घेऊन गेली. गेलं तर गेलं, दुकानात बटणांना काय तोटा!

पण खरं सांगू? मी दमलेय. खुर्च्या लावा, खुर्च्या उचला, चहाचा थर्मास घासा, नवीन आलेल्यांच्या आईबापांना तेच तेच समजावा. “नाही हो, टाळ्या वाजवायच्या नाहीत. नाही हो, गोल करून ओळख करून द्यायची नाही.” जीव मेटाकुटीला येतो. लिफ्ट दुरुस्त करणारा तुझा मित्र दर वेळी विचारतो, “तुमचा भाऊ कधी येणार?” मी सांगते, कामात आहे. काल म्हणाला, “हे तुम्ही सहा महिने सांगताय. एवढं काम वजनकाट्यांना नसतं.” त्याच्या तोंडाला कुलूप नाही. तुझाच मित्र.

बैठक बंद करावी असं मनात येतं. मग वाटतं, बंद केली आणि तू आलास तर? कुलूप बघून परत जाशील.

म्हणून त्या बटणाचं सांगून टाकते. हो, मी ते तुझ्या शर्टाला लावलं होतं. पालिकेचे पाहुणे येणार होते, हॉल द्यायचा की नाही ते ठरवायला. तू काट्यांबद्दल बोलायला लागलास की ऐकणारा चहा विसरतो, तसं त्यांनी ऐकावं असं वाटलं. म्हणून हिरवं लावलं. नुसतं अडकवल्यासारखं, सैल दोन टाके. ओढलं असतंस तर निघालं असतं. तुझ्या भल्यासाठीच केलं होतं रे.

— ताई

११ मार्च, सोमवार

धाकट्या,

पाकीट आलं! पोस्टमनने दिलं तेव्हा गिऱ्हाईकाच्या कंबरेला टेप लावलेली होती, ती तशीच सोडून मी आत पळाले. वरचं अक्षर तुझं. जीव भांड्यात पडला.

मग उघडलं. आत माझंच पत्र. ‘सैल दोन टाके’ याच्याखाली लाल रेघ आणि बाजूला, ‘चूक. दुहेरी दोरा. चार टाके. मागे गाठ. मी मोजले.’

बाकी एक अक्षर नाही.

मी आधी चिडले. म्हटलं, सात महिन्यांनी सख्ख्या बहिणीला लिहायचं तर हे? मग बाहेर आले, गिऱ्हाईक टेप कंबरेला धरून तसंच उभं होतं, त्याची मापं घेतली, तीही चुकीची. मग दुपारभर तुझी ती ओळ डोक्यात घोळत राहिली. खोटं वजन दाखवणारा काटा तू दुरुस्त केल्याशिवाय परत देत नाहीस. मला परत पाठवलंस म्हणजे माझ्यावर अजून काम करायला तयार आहेस, असं मी धरून चालले.

तर खरं लिहिते. त्या बैठकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी तू दुकानात इस्त्रीसाठी शर्ट टाकलास, निळ्या चौकड्यांचा. जाताना सांगून गेलास, “उद्या लाल घेणार. पाहुणे आहेत, गर्दी असेल.” मी हो म्हटलं. तू गेल्यावर हिरवं बटण घेतलं, पिन काढून टाकली आणि खिशावर शिवलं. दुहेरी दोरा. चार टाके. मागे गाठ. कोटाची बटणं शिवतात तसं, निघू नये म्हणून. शिवताना मी गाणं गुणगुणत होते. हे तुला माहीत नसेल.

रविवारी तू लाल घ्यायला गेलास तेव्हा मी म्हटलं, “लावलंय की तुला आधीच.” तू बोटाने ओढून बघितलंस. “हे निघत नाहीये, ताई.” मी म्हटलं, “राहू दे ना, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे.” हॉलमध्ये कात्री नव्हती असं मी सांगितलं. कात्री माझ्या पर्समध्ये होती. ती नेहमीच असते, शिंपिणीच्या पर्समध्ये दुसरं काय असणार?

मग पाहुणे. हिरवं बघून ते आलेच, कारण दारातल्या पाटीवर तसंच लिहिलंय. तिघं, एकापाठोपाठ एक. तिघांचाही प्रश्न एकच, “मग, तुम्हाला काय काय जमतं?” पहिल्याला तू उत्तर दिलंस. दुसऱ्यालाही दिलंस. तिसऱ्याने तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा तू उभा राहिलास, शर्टाची बटणं वरून खाली एकेक काढलीस, शर्ट शिवणीवर शिवण ठेवून घडी केलास, खुर्चीवर ठेवलास आणि बनियनवर बाहेर चालायला लागलास. ते हिरवं सोडून सगळी बटणं तू काढू शकत होतास, म्हणून ती काढलीस. यात वेडेपणा काहीच नव्हता. अख्ख्या हॉलमध्ये तेव्हा सरळ विचार करणारा तू एकटाच होतास.

मी पाहुण्यांची माफी मागितली, एवढंच. काहीतरी बोलायला हवं होतं ना.

— ताई

८ एप्रिल, सोमवार

धाकट्या,

परत आलं. ‘एवढंच’ खाली रेघ. बाजूला, ‘शब्द लिही.’

तीन आठवडे पाकीट मशीनच्या खणात होतं. खण उघडला की दिसायचं, मी रीळ काढून खण बंद करायची. काल बैठकीलासुद्धा माझं लक्ष नव्हतं. चष्मेवाल्या बाईची मुलगी उंबरा ओलांडून आत आली, तुझ्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसली, एरवी मी आनंदाने नाचले असते. मी नुसते कप विसळत राहिले.

मला वाटत होतं तू ऐकलं नसशील. तू दाराशी होतास, पाठमोरा. मी इतके महिने स्वतःला हेच सांगत आले की तू शर्टामुळे, गर्दीमुळे, त्या खांद्यावरच्या हातामुळे गेलास. लोकांमुळे. माझ्यामुळे नाही.

बरं. लिहिते.

माइक माझ्या हातात होता. मी म्हणाले, “माफ करा हं. त्याला कळत नाही, काय करतोय ते.”

हेच शब्द. पुढे मी थोडं हसलेसुद्धा. आणि पाहुण्यांमधली बाई म्हणाली, “समजू शकतो आम्ही. बिचारा.” मी मान हलवली. तू पाव ग्रॅमचा फरक बोटाच्या टोकाने ओळखतोस, आणि मी भर हॉलमध्ये माइकवरून सांगितलं की तुला कळत नाही. तुला सगळं कळत होतं. काय चाललंय ते कळत नव्हतं ती मी.

आठ दिवसांत हॉल मिळाला. पत्रात लिहिलं होतं की संस्थेच्या ‘करुणामय कार्याने’ समिती भारावून गेली. म्हणजे तुझ्या बनियनवर मिळाला तो हॉल. तुला लोकांत न बोलता बसता यावं म्हणून सुरू केलेली जागा, तीच मी तुला विकून मोठी केली. पहिल्या पत्रात मी किती ऐटीत लिहिलं होतं, जिना चढायला नको म्हणून! तुला जिना कधीच जड नव्हता.

आई जाताना म्हणाली होती, धाकट्याला सांभाळ. तिने तुला विचारलं नव्हतं आणि मलाही नाही. मी सांभाळत राहिले. तुझ्या वतीने बोलायचं, तुझ्या वतीने हसायचं, तुझ्या वतीने माफी मागायची, हे इतकं अंगवळणी पडलं की तू समोर उभा आहेस हेही दिसेना झालं. त्यानेच मी दमलेय धाकट्या, खुर्च्या उचलून नाही.

माफी मागते. आता पाहुण्यांची नाही, तुझी. तुझा शर्ट माझ्याकडे आहे, धुऊन ठेवलाय. बटण मी उसवलं. चारच टाके होते, पण उसवताना कापड थोडं फाटलं. रफू केलं नाही.

— ताई

६ मे, सोमवार

धाकट्या,

या वेळी काही परत आलं नाही. म्हणजे त्या पत्रात चूक सापडली नसावी, किंवा तू वाचलंच नसशील. कोणतं ते मी ठरवत नाही. तुझ्या बाबतीत ठरवायचं नाही, असा कानाला खडा लावलाय.

काल मी सगळ्यांना सांगितलं. माइक नाही, खुर्चीवर बसून. बटण कोणी शिवलं, कात्री कुठे होती, काय बोलले, सगळं. त्यांना अर्धं माहीत होतं, ते तिथेच होते ना! पण कोणी मध्ये बोललं नाही. संपल्यावर कोणी “जाऊ दे हो” असंही म्हटलं नाही, आणि त्याचं मला बरं वाटलं. आपल्या लोकांचं हे मला आवडतं, उगाच मलम लावत नाहीत.

मग लिफ्टवाला उठला. म्हणाला, “बाई, एक विचारायचंय. पाच वर्षांत तुम्ही बटण का लावलं नाही?”

मी म्हटलं, “मला कशाला? मी तर सगळं बघायला असते.”

“बघायला,” तो म्हणाला. “म्हणजे आम्ही दाखवायला?”

चष्मेवाल्या बाईच्या मुलीने, जी चार महिन्यांत एक शब्द बोलली नव्हती, तिन्ही डबे उचलले आणि माझ्या मांडीवर आणून ठेवले. मी हात हिरव्याकडे नेला. सवयीने रे, मला दुसरं काय येतं? मग थांबले. लाल घेतलं.

आणि पुढचा दीड तास माझ्याशी कोणी बोललं नाही. चहा संपला, त्यांनी केला. खुर्च्या त्यांनी उचलल्या, अगदी वाकड्या रचल्या, मी उठले नाही. आईबापांपैकी एक जण प्रश्न घेऊन माझ्याकडे येत होते, लिफ्टवाल्याने बटणाकडे बोट दाखवून त्यांना वळवलं. मी भिंतीला डोकं टेकलं आणि मला चक्क डुलकी लागली. भर बैठकीत, तोंड उघडं टाकून. आई गेल्यापासून इतकी गाढ झोपले नव्हते. लोकांत बसायचं आणि बोलायचं नाही, हे सुख असतं तुला, हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

मी तुमच्यातली आहे की नाही, माहीत नाही. कोणा डॉक्टरला विचारायला जाणार नाही, आता ताकद नाही. पण उठल्यावर हॉलची किल्ली लिफ्टवाल्याला देऊन टाकली. यापुढे बैठक तीच माणसं चालवणार, पाहुणे बोलवायचे की नाही तेही तीच ठरवणार. दाराच्या पाटीवर त्यांनी एक ओळ वाढवली आहे. ‘दुसऱ्याच्या बटणाला हात लावायचा नाही.’ खाली कोणी तरी पेन्सिलीने लिहिलंय, ‘शिंपिणीनेसुद्धा.’ मी पुसलं नाही.

पुढची बैठक दोन जूनला. हे निमंत्रण नाही, नुसती तारीख आहे.

— ताई

३ जून, सोमवार

धाकट्या,

काल बोलता आलं नाही, म्हणून हे लिहितेय.

चार वाजून दोन मिनिटांनी तू आलास. मी लाल लावून बसले होते, कप पुसत. तू दारात थांबून पाटी वाचलीस, पेन्सिलीची ओळसुद्धा, आणि नाकातून तो आवाज काढलास, ज्याला मी लहानपणापासून तुझं हसणं समजते. मग लाल बटण घेतलंस. खिसा नसलेला, गोल गळ्याचा बनियनसारखा सदरा घालून आला होतास. शिवायला जागाच नाही असा. बरोबर आहे, मीही तेच केलं असतं.

केस पांढरे झालेत तुझे. बारीक झालायस. जेवतोस की नाही, हे विचारायला तोंड उघडलं आणि आतल्या आत जीभ चावली. खरोखर चावली, अजून दुखतेय. दोन तास, धाकट्या! माझ्यासारख्या बाईला! दहा महिन्यांचं सगळं घशाशी आलं होतं. पण तुझ्यावर लाल, माझ्यावर लाल.

तुझ्या खुर्चीत ती मुलगी बसली होती. म्हटलं, आता तू परत फिरणार. तू तिच्या शेजारची खुर्ची घेतलीस. ती नाडी सोडत-बांधत होती, तू भिंत बघत होतास. तासाभराने बघते तर दोघं जण तसेच, आणि मला तुम्ही दोघं इतके छान दिसलात की मी कप पुसायच्या फडक्याने डोळे पुसले.

मग तू उठलास. चहाच्या टेबलापाशी आलास, माझ्यापासून एका हातावर. टेबल डुगडुगतं म्हणून मी त्याच्या पायाखाली कागदाची घडी घातली होती. तू वाकलास, घडी ओढून काढलीस, पॅन्टच्या खिशातून पाना काढलास, पायाचा बोल्ट दोन आटे फिरवलास आणि टेबलावर तळहात दाबून बघितलास. हललं नाही. ती कागदाची घडी तू माझ्यासमोर ठेवलीस, मेलेलं झुरळ ठेवावं तशी. माझ्याकडे बघितलंस.

शर्टाची पिशवी मी दाराशी खुंटीला लावली होती, तुझ्या हाती द्यायची नाही असं ठरवून. सहाला तू बटण डब्यात टाकलंस, पिशवीत डोकावलास, शर्ट काढून खिशापाशी फाटलेलं कापड बोटाने चाचपलंस. मग शर्ट परत पिशवीत घातलास आणि पिशवी घेऊन गेलास. मी दारापर्यंत आले नाही. तू वळेपर्यंत खिडकीतून बघत राहिले, एवढं मात्र केलं. खोटं लिहीत नाही.

पुढच्या बैठकीला मी पिवळं घेणार आहे. म्हणजे ओळखीचं माणूस आलं आणि त्याला वाटलं, तर ते माझ्याशी बोलू शकतं.

तुझं तू घे.

— ताई